तोंडभर आम्ल

माझ्या मुलीने कांद्यावर व्हिनेगर ओतलं, बोटाला लागलेलं चाटलंही, आणि त्या वासासरशी माझी जीभ टाळ्याला चिकटली.

सांगलीला माझी बारावीची प्रॅक्टिकल होती. ॲसेटिक आम्लाची तीव्रता मोजायची होती. तेव्हा पिपेटच्या काचेच्या नळीत आम्ल तोंडानेच ओढायची रीत होती. मी ओढत असतानाच बाहेरगावचे परीक्षक मागे येऊन उभे राहिले. मी दचकले, जोरात श्वास घेतला आणि आम्ल तोंडात आलं.

दहिवडीहून शिकायला निघताना आई म्हणाली होती, "ॲसिडापासनं लांब ऱ्हा गं. आतडी जाळतंय ते."

"हे आम्ल कसलं?" परीक्षकांनी विचारलं.

थुंकले तर नापास करतील, म्हणून मी ते गिळलं. "सौम्य आहे, सर."

ते पुढे गेले. घसा जळत होता. मी पुन्हा पिपेट भरली आणि फ्लास्कमध्ये मोजणी पुरी झाल्याचा गुलाबी रंग यायची वाट बघत राहिले.

ते आम्ल व्हिनेगरइतकंच साधं होतं, हे आज कळतं. तेव्हा मनात एवढंच होतं, की मरायच्या आधी रीडिंग तेवढं मिळू दे.