सर्व्हरचं बारसं आणि अडकलेला निकाल

भूकंपानंतरचं आमचं पत्र्याचं घर, माझ्या दुकानातलं टेबल आणि लातुरातल्या एका क्लासचा सर्व्हर मी स्वतःच्या हातानं उभा केला, मित्रांनो. कोर्स एकाचाही केला नाही.

आज सकाळी क्लासच्या सरांचा फोन आला. "भाऊ, अकराला निकाल लावायचाय. पालक दारात उभे हायत, अन् वेबपेज उघडंना!"

जाऊन पाहिलं. डेटाबेस चालू होता, पण ब्राउझरची हाक ऐकणारा लिसनर सुरूच होईना. लॉग, म्हणजे सर्व्हरची नोंदवही, नीट वाचला. लिसनरला स्वतःचं मशीनच सापडत नव्हतं.

"सर, मशीनचं नाव कुणी बदललं?"

"काल पूजा केली न्हाई का! 'सरस्वती' ठेवलं."

लिसनरच्या फाईलमध्ये जुनंच नाव होतं. तेवढा एक शब्द बदलून लिसनर सुरू केला. दहा पन्नासला निकाल लागला.

सरांनी तिथंच नोकरी देऊ केली. औसा-देगलूरचे छोटे क्लासही मलाच बोलावतात, म्हणून नाही म्हणालो. पगार सांगितला होता महिना साठ हजार.