पाणक्याचा नंबर

माझ्या धाकट्या भावाला अख्खी गल्ली पाणक्या म्हणायची. चिडवणाऱ्यांचा मला भयंकर राग यायचा, पण खोटं कशाला बोलू, कामच त्याचं ते होतं. तो पगारी सायकलपटू. मागून येणाऱ्या संघाच्या गाडीतून पाण्याच्या बाटल्या घ्यायच्या, जर्सीत कोंबायच्या आणि जीव खाऊन पुढे जाऊन कप्तानाला द्यायच्या. पूर्वी म्हणे या लांबच्या शर्यतींत ज्याचं त्याने निस्तरायचं, पंक्चरसुद्धा आपणच काढायचं. मग कंपन्यांचे संघ आले, संघात कप्तान आला, आणि बाकीचे त्याच्या दिमतीला लागले.

आमचे बाबा शिंपी. "दुसऱ्याची हमाली करतोस," असं त्याच्या तोंडावर म्हणायचे. एकही शर्यत बघायला गेले नाहीत. त्या वर्षी शर्यत आमच्याच गावातून सुटून आमच्याच गावात संपणार होती. पाणक्याने हट्टच धरला, "बाबा, रेषेपाशी उभे राहा. शेवटचा येईन, पण येईन."

पाठीवरचा नंबर पिनांनी लावतात. त्या टोचतात म्हणून सकाळी मी तो दुहेरी दोऱ्याने शिवून टाकला. पिना कशासाठी असतात ते मला काय ठाऊक!

घाटात कप्तानाचं पुढचं चाक मोडलं. गाडीतली जादा चाकं आधीच संपलेली. "तुझं दे!" संघाचा मॅनेजर गाडीतून पाणक्यावर ओरडला. पाणक्याने दिलं. कप्तान सुटला, त्याच्यामागे संघाची गाडीही. "तू बस मागच्या गाडीत," एवढं जाता जाता सांगितलं, मेहेरबानीच की!

मागची गाडी म्हणजे शर्यत सोडलेल्यांना उचलणारी. ती आली. आतला माणूस उतरला आणि रिवाजाप्रमाणे पाठीवरचा नंबर खसकन ओढला. नंबर गेला की शर्यत संपली. पण नंबर निघेचना! "थांब, कात्री बघतो," म्हणून तो गाडीत वाकला, तेवढ्यात हा पठ्ठ्या सायकल खांद्यावर टाकून उताराला लागला. खाली एका दूधवाल्याने स्वतःच्या सायकलचं जड, गंजकं चाक काढून दिलं. देव त्याचं भलं करो.

इकडे कप्तान येऊन, हारतुरे होऊन गर्दी पांगली. दोघं जण शिडी लावून रेषेवरची कमान सोडायला लागले. मी शिडीच्या खालच्या पायरीवर बसकण मारली. "माझा भाऊ आल्याशिवाय हलणार नाही, काय करायचं ते करा." तेवढ्यात बाबा आले. म्हणाले, "चल घरी. तमाशा नको." पण तेही गेले नाहीत.

अंधारून आल्यावर तो आला. गुडघे फुटलेले, चाक कुरकुरतंय. रेषा ओलांडून बाबांसमोरच थांबला. मी ढसाढसा रडले.

मॅनेजर तावातावाने आला. "वेळ केव्हाच संपली, तू बाद आहेस. गाडीत बस म्हटलं होतं ना? नंबर दे, नाहीतर उद्यापासून येऊ नकोस."

"नाही येत. नंबर देणार नाही," पाणक्या म्हणाला.

मॅनेजरने नंबर धरून हिसडा दिला. जर्सी ताणली, टाका तसाच. मग त्याचं लक्ष बाबांकडे गेलं. बाबा दुकानातून तसेच आलेले, गळ्यात टेप, खिशातून मोठी कात्री डोकावतेय.

"जरा कात्री द्या."

बाबांनी त्याच्या डोळ्यात डोळे घातले.

"आमच्याकडे कात्री नाही."