आजोबांचे एकशेऐंशी, माझे अठरा हजार

हसणार नाही असं वचन द्या, मगच सांगतो. नाहीतर राहू दे, हसा! माझ्या बायकोच्या माहेरी अजून हसतात, तर तुम्ही काय घोडं मारलंय?

खिशात नवाकोरा मोबाइल वाजला की माणूस उगाच चार पावलं बाजूला जाऊन मोठ्यानं बोलायचा, त्या दिवसांतली गोष्ट. मी मूळचा सांगलीचा, चेन्नईत अंबत्तूरच्या एका कारखान्यात इंजिनिअर. नुकतीच पगारवाढ झालेली. महिना अठरा हजार! माझ्या वडिलांनी जन्मात असा आकडा पाहिला नव्हता. मी जमिनीवर कुठला असणार?

त्यातच चेन्नईतल्याच तांबरमचं स्थळ आलं. मुलगी कल्याणी, शाळेत शिक्षिका. घरचे तंजावरकडचे मराठी. मी पाहायला गेलो, तर दारातच तिचे आजोबा, स्वामीराव.

"या, बैसा. वेतन काय मिळतें?"

त्यांचं मराठी असं, की बखरीतलं कुणीतरी उठून पगार विचारतंय! मी छाती फुगवून आकडा सांगितला. आजोबांनी नुसती मान डोलावली. मला वाटलं, गार पडले!

"आजोबा, तुमचा पहिला पगार किती होता हो?"

"एकशेऐंशी."

आता इथं गप्प बसायचं की नाही? पण नाही! मी खो खो हसलो. "एकशेऐंशी? अहो, तेवढ्यात माझा मोबाइलसुद्धा महिनाभर चालत नाही!"

आतून कल्याणीचा खोकला ऐकू आला. तो इशारा होता, हे आज कळतं. तेव्हा वाटलं, बिचारीला सर्दी झालीय.

आजोबा आजींकडे बोट दाखवत शांतपणे म्हणाले, "घरभाडें देऊन त्या पगारांत मी हिला कांजीवरम घेतली. एक पवन सोनें घेतलें. सगळ्या घराला हॉटेलांत जेवूं घातलें."

पवन म्हणजे आठ ग्रॅमचं नाणं. तिकडे सोनं पवनातच मोजतात.

"एवढंच ना?" मी म्हणालो. "माझा पगार तुमच्या शंभरपट! येत्या रविवारी चला सगळे. मीही हेच करून दाखवतो!"

"सेरी," म्हणजे ठीक आहे, म्हणत आजोबा इतकं गोड हसले, की मला त्यांची दयाच आली.

आता तुम्ही विचाराल, भावबिव ठाऊक होते का? अहो, मी एकटा जीव! मला ठाऊक होता इडलीचा भाव. साडी ही वस्तू विकत घ्यावी लागते, हेच मला नवीन होतं.

रविवारी घरभाडं देऊन, सांगलीला पैसे पाठवून, उरलेले नऊ हजार खिशात कोंबले आणि टी. नगरच्या बाजारात पोचलो. अख्खं घर हजर! आजींनी तर केसांत ताजा गजरा माळलेला.

साडीच्या दुकानात आजींनी एका पोपटी कांजीवरमवर हात ठेवला आणि उचललाच नाही. मी हळूच किमतीची चिठ्ठी उलटली. साडेसात हजार! दुकानात एसी असूनही माझा शर्ट पाठीला चिकटला.

"महाग आहे का?" आजींनी विचारलं.

"छे! उलट स्वस्तच!" हे कोण बोललं? मीच!

मग सराफाकडे. पवनाचा भाव ऐकला आणि खिशातल्या नोटा माझ्याकडे पाठ फिरवून बसल्यासारख्या वाटल्या. मी घसा खाकरला. "अर्धं पवन मिळेल का?"

सराफानं त्याचाही भाव सांगितला, तोही खिशाबाहेर होता. शेवटी आजींना नाकात घालायला एक चमकी घेतली. इवलीशी! ती ठेवायला त्यानं दिलेली डबी चमकीहून दणदणीत होती.

आजोबांनी डबी उघडली, चष्मा पुसला, पुन्हा पाहिलं. "सोनें कोठें आहे?"

सगळे हसले. कल्याणीनं पदराआड तोंड लपवलं.

हॉटेलात सगळ्यांनी भरपेट जेवण मागवलं. मी पाणी पीत होतो.

"तुम्ही जेवत नाही?" कल्याणीनं विचारलं.

"आज उपास आहे."

"मघाशी साडीच्या दुकानाबाहेर तर भजी खाल्लीत!"

"तो… त्यानंतर सुरू झाला!"

बिल आलं. मी सगळे खिसे चाचपले. पँटचा मागचासुद्धा, ज्यात मी कधीच काही ठेवत नाही. तेवढ्यात कल्याणीनं पर्समधून पैसे काढून दिले. स्टेशनवर अंबत्तूरचं माझं तिकीटही तिनंच काढलं, आणि वर म्हणाली, "काही तरी खाऊन झोपा हो. उपास सोडा."

गाडीत बसलो तो हे स्थळ गेलं, असं धरूनच. उरलेला महिना लिंबूभातावर काढला.

आठवड्यानं आजोबांचा फोन. "मुहूर्त पाहातों आहे."

मला खरंच वाटेना. "आजोबा, पण मी तर हरलो!"

"हरलां खरें. पण हिनें साडीवर हात ठेविला, तेव्हां तुम्ही हात आंखडला नाहीं. तें मी पाहिलें. अरे, आंकडा वाढतो रे, पोरा! दुकानांतले भाव त्याहून जोरांत धांवतात."

तर झालं लग्न! थाटात झालं. आजी तीच पोपटी साडी नेसून मिरवत होत्या. तेवढ्यात तंजावरचे कुणी पाहुणे मला न्याहाळत आजोबांना विचारायला लागले, "जांवई काय कमावतात?"

मी कॉलर ताठ केली. आजोबांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि भर मांडवात खणखणीत आवाजात सांगितलं,

"पगार उत्तम आहे! दीड दुकान पुरतो."