ताटली वाजली की पळायचं

“ताटली वाजली की पळायचं, माझी वाट बघायची न्हाई.” भूकंपानंतर आई रोज झोपताना सांगायची. ती तांब्यावर ताटली उपडी ठेवायची, जमीन हलली की वाजावी म्हणून.

आज लातुरात मानसशास्त्राचा तास घेत होते. इथे सगळे डॉक्टर व्हायला क्लासेसला येतात. माझ्या वर्गात सातच मुली. घंटा ऐकून लाळ गाळणाऱ्या कुत्र्याचा तो जुना रशियन प्रयोग शिकवत होते, तेवढ्यात एकीच्या डब्याचं झाकण खाली पडलं.

भानावर आले तेव्हा मैदानात एकटीच उभी होते.

“मॅडम, कुत्र्याला घंटा, तुम्हाला झाकण!” दारातून मुली हसल्या. मीही हसले. पण सातजणींना आत सोडून पळाले होते, ते मनातून जाईना.

घंटा वाजूनही खाणं येईनासं झालं, की कुत्रा हळूहळू विसरतो, असं पुस्तकात आहे. तीस वर्षांत आम्ही दोघी विसरलो नाही. आई अजून गावी पत्र्याच्या खोलीत एकटी राहते. “तुझ्या तिसऱ्या मजल्यावरून कसं पळावं गं?” म्हणते.

गावातलं कुणी वाचत असेल, तर तिला एवढं वाचून दाखवा. नाहीच म्हणेल, तरीही. आई, चार दिवस ये. ताटली वाजली तर मी तुझ्यासाठी थांबेन.