‘काहून?’ विचारणाऱ्या सुनंदाताई

सुनंदाताई गेल्याचं त्यांच्या मुलीने सकाळी फोनवर सांगितलं. दुपारी घाटावरून परतलो, तर संगणकावर एक संदेश येऊन पडला होता. ‘ताईंच्या जाण्याने पोरकं वाटतंय. काम थांबू नये म्हणून त्यांचे अधिकार मला द्यावेत.’ खाली नाव, रोहन. बातमी तोवर घराबाहेर फारशी गेलीही नव्हती... त्याला कुणी सांगितलं, ते मला आजही कळलेलं नाही.

खापरखेड्याच्या वीज केंद्रातून निवृत्त झाल्यावर ताईंनी एक प्रोग्रॅम लिहिला होता. जुन्या फॉन्टमधला मराठी मजकूर आजच्या संगणकावर वाचता यावा, एवढंच त्याचं काम. तो फुकट आणि सर्वांसाठी खुला. कुणीही त्यात सुधारणा सुचवून पाठवू शके. अशा सुधारणेला आम्ही पॅच म्हणतो. तो ओळ न् ओळ वाचून मूळ प्रोग्रॅममध्ये घ्यायचा की नाही, हे ताई आणि मी ठरवायचो. वकिलांचे, कचेऱ्यांचे कागद त्यातून जात. कुणी एखादी ओळ गुपचूप घुसवली, तर ते सगळे परक्याच्या हाती.

म्हणून ताई प्रत्येकावर संशय घेत. जरीपटक्यात टायपिंगचं दुकान चालवणाऱ्या हरीशला त्यांनी इतकं खोदून विचारलं, की तो चिडून थेट त्यांच्या घरी आला. “मी काय चोर आहे का?” ताईंनी त्याला पोहे दिले आणि त्याच्यासमोरच त्याचा पॅच स्वीकारला.

रोहनही पॅच पाठवायचा, भेट मात्र फक्त संदेशांतून. तो कधी चिडला नाही. त्याचं काम नेटकं, वर प्रत्येक वेळी आभार. ताईंची तब्येत ढासळली तेव्हा मी म्हटलं, त्याला पॅच स्वीकारायचे अधिकार देऊन टाकू.

“हा मानूस चुकत काहून नाई गा?” त्या म्हणाल्या. “अन् मी येवढं टोचून राहिली, तरी त्याले राग येत नाई.”

‘तुम्ही स्वतः हा प्रोग्रॅम कशासाठी वापरता?’ असं त्यांनी त्याला विचारलं होतं. त्याने बाकी सगळ्याची उत्तरं दिली, तेवढं सोडून.

शेवटची भेट दवाखान्यात झाली. आवाज खोल गेला होता. “माह्याजवळ पुरावा नाई. तरी त्याले देऊ नको.” मला ते आजारपणातलं बोलणं वाटलं...

त्या गेल्यावर आणखी दोन अनोळखी नावं लिहू लागली. ‘काम मेलंय, रोहनकडे सोपवा.’ मीही थकलो होतो, द्यावं असं वाटूही लागलं. शेवटी रोहनला लिहिलं, एकदा फोनवर बोलू या. उत्तर आलं नाही. त्याच दिवसापासून ती दोन नावंही गप्प झाली. तो लबाड होता की नुसताच भिडस्त, हे मी सिद्ध करू शकत नाही. त्याचे पॅच मात्र मी पुन्हा पहिल्यापासून वाचतो आहे.

गेलेल्या माणसाचं खातं उघडं ठेवणं धोक्याचं, म्हणून ताईंचे अधिकार मी काढून घेतले. त्यांनी हेच आधी करायला लावलं असतं. पण तपासणाऱ्यांमधलं त्यांचं नाव काढायला हात होत नाही. नवा पॅच आला की पडद्यावर अजून दिसतं... सुनंदा, तपासणी बाकी.