उपरण्याखालची तोंडी परीक्षा

विद्यार्थी होण्यासाठीच जन्माला आलेला माणूस मी आजवर एकच पाहिला, आणि तो वयाच्या बावन्नाव्या वर्षी वर्गात आला. धारवाडात तेव्हा दोन खोल्या आणि त्या दोन्हींहून लांब पाटी एवढ्या भांडवलावर एक कॉमर्सची संस्था चाले. पहिल्या दिवशी दारात डोक्याला पटका, बंद गळ्याचा कोट आणि खांद्यावर उपरणं अशी मूर्ती उभी राहिली, तेव्हा संस्थेचे मालक आले असं समजून आम्ही सगळे उठलो. मूर्तीनं हातानंच आम्हाला बसवलं आणि शेवटच्या बाकावर माझ्याशेजारी बसून, कानडीत धाकट्या भावाला हाक मारावी तसं हळूच विचारलं, "तम्मा, पाटी लागते की वही?"

हे हुबळीच्या कापूसबाजारातले जुने दलाल. घराणं मूळचं सांगलीकडचं, पण तीन पिढ्या हुबळीत मुरलेलं. त्यामुळं रागवायचे मराठीत आणि हसायचे कानडीत. सगळे त्यांना अण्णाच म्हणत. झालं होतं असं, की त्यांचा पुतण्या मुंबईहून कॉमर्सचं सर्टिफिकेट घेऊन आला आणि पेढीवर बसताच म्हणाला, "काका, आता शिकलेल्यांचे दिवस आहेत. तुम्ही घरी आराम करा." ज्या गादीवर तीस वर्षं बसले तिच्यावरून कुणी उठवावं हे अण्णांना सोसेना. त्यांनी एका वर्षाची मुदत मागितली. असलाच कागद मीही आणला तर जागा माझी, नाही तर सोडली. मग धारवाडच्या सप्तापुरात माझ्याच खोलीत बिऱ्हाड थाटून ते विद्यार्थी झाले.

आणि कसले विद्यार्थी! पहाटे उठून व्यापारी भूगोलाच्या पुस्तकाला उदबत्ती ओवाळायची, मगच ते उघडायचं. मास्तरांनी घरी लिहायला दहा पत्रं दिली की यांची घासाघीस सुरू: "दहा कशाला सर? सहा घ्या, पण माल चोख देतो." उशिरा आलेल्या मालाबद्दल तक्रारीचं पत्र लिहा म्हटलं, तर पानभर समोरच्याच्या मुलाबाळांची खुशाली विचारली. "तक्रार कुठाय?" मास्तर म्हणाले. "ती दुसऱ्या पत्रात. पहिल्यातच भांडलो तर दुसरं कुठल्या तोंडानं लिहू?" एकदा त्यांनी ठरवून तास बुडवला. विद्यार्थी म्हणवायचं आणि एकही तास बुडवायचा नाही, हे त्यांना अपुरं वाटत होतं. गिरमिटाचा, म्हणजे तिकडच्या चुरमुऱ्याच्या भेळेचा, पुडा घेऊन आम्ही केलगेरीच्या तळ्यावर गेलो; पण अर्ध्या तासात अण्णा उठले. "चल रे तम्मा, तिकडं काहीतरी शिकवत असतील."

एक गोष्ट मात्र त्यांच्याकडून होईना. ते भाव मोठ्यानं उच्चारत नसत. कापसाच्या बाजारात भाव ठरतो तो कापडाखाली, एकमेकांची बोटं दाबून. भोवती शंभर माणसं उभी असली तरी कुणाला कळत नाही. चारचौघांत आकडा बोलणं म्हणजे अण्णांच्या लेखी भर रस्त्यात आंघोळ करणं. वर्गात ते कागदाची घडी करून उत्तर पाठवत, आणि मास्तर चालवून घेत.

तोंडी परीक्षेला बाहेरगावचे एक साहेब आले. त्यांच्या स्वागताला आमच्या प्रिन्सिपॉलनी ऐन उन्हाळ्यात काळा झगा चढवला होता. आम्ही खिडकीला डोळे लावून उभे. साहेब म्हणाले, "मी गिऱ्हाईक आहे असं समजा. मला तुमचा भाव सांगा." अण्णांनी प्रिन्सिपॉलांकडं पाहिलं, कारकुनाकडं पाहिलं, आणि शांतपणे पुढं होऊन उपरण्याखाली हात घालून साहेबांपुढं धरला. साहेबांनी तो शेकहँड समजून हातात घेतला. अण्णांनी बोटं दाबली. साहेब दचकले.

"बोला साहेब."

"मी काय बोलू? तुम्ही बोला!"

"मी बोललो की. आता तुम्ही एखादं बोट वाढवा, मी विचार करतो."

लेखी परीक्षेत अण्णा पास झाले, तोंडीत शून्य. निकाल पाहून एवढंच म्हणाले, "साहेबाचा हात फार मऊ रे. बाजारात कधी आला नसावा बिचारा." त्याच दुपारी त्यांनी पुतण्याला दोन ओळींचं पत्र टाकलं: 'नापास झालो. ठरल्याप्रमाणे गादीवरची जागा सोडली आहे.' त्यात खुशालीचा एक शब्द नव्हता. मास्तरांनी त्याला पैकीच्या पैकी गुण दिले असते.

दुसऱ्या दिवशी पुतण्या धापा टाकत खोलीवर हजर. "काका, माझ्या बाळाची चौकशीसुद्धा नाही? मला वाटलं तुम्ही आजारी!" मग पुसलेल्या पाटीसारखा चेहरा करून तो म्हणाला, "चला घरी. अळनावरचे शेतकरी गाड्या घेऊन येतात, 'अण्णा यल्ली?', अण्णा कुठायत, एवढंच विचारतात, आणि माझ्याकडं न बघताच पुढं जातात. तुमच्या जागेवर मी बसलेलो नाही."

जिच्यासाठी वर्षभर घोकंपट्टी केली ती जागा मिळाली होती. तरी अण्णा ट्रंक भरत होते ते सासरी निघालेल्या मुलीसारखे. "पुढच्या वर्षी काय असतं रे?" त्यांनी मला विचारलं.

"बँकिंग."

"अवघड असेल?"

"असेल."

"मग मजा असेल," ते म्हणाले, आणि कुलूप लावलं.

मीही त्यांच्याबरोबर स्टेशनपर्यंत निघालो. अण्णांनी टांगा मुद्दाम संस्थेवरून घ्यायला लावला. सुट्टी लागली होती, दाराला कडी होती. तरी त्यांनी टांगा थांबवला. पुतण्या गाडीची वेळ सांगत होता. अण्णा खाली उतरले, खिडकीच्या गजांतून रिकाम्या बाकांकडं बराच वेळ बघत राहिले.