शून्यापासूनचा कांदा

शून्यपंतांना जगातली कुठलीही गोष्ट मधूनच सुरू झालेली खपत नसे. तीस-पस्तीस सालच्या सुमारास नाशिकला गंगापूर रस्त्यावर आमचा कांदा-संशोधनाचा मळा होता. तिथे पंत आकड्यांचे आलेख काढत, आणि प्रत्येक आलेख शून्यापासून. म्हणून हे नाव. कुणी नुसती गंमत सांगू लागलं तरी, "थांबा, मुळात तुम्ही तिथे गेलात कशाला?" असं विचारून ते त्याला मागे नेत.

एकदा मी आलेखात दोन वाणांचं उत्पन्न रेघेने जोडलं. पंतांनी चष्मा कपाळावर चढवला. "गावठी कांद्याकडून सुधारलेल्याकडे जाताना वाटेत काही लागतं का हो? मग रेघ कशाला? खांब काढा!"

मी रेघ खोडून खांब काढले.

पुढे पुण्याहून मोठे साहेब पाहणीला यायचे ठरले. आमचा नवा वाण गावठीपेक्षा जेमतेमच सरस निघाला होता. साहेबांना पटलं नाही तर प्रयोग बंद आणि पंतांची नोकरीही. मळ्याचे प्रमुख रावसाहेब हळूच म्हणाले, "पंत, एवढ्या वेळी शून्य सोडा, खांबांचे पाय थोडे कापा. फरक उठून दिसेल."

"पाय कापून कुणी उंच होतं का?" पंत कडाडले. पण फरक दिसावा म्हणून त्यांनी कागदाला कागद चिकटवत आलेख एवढा वाढवला की तो कचेरीत मावेना. शेवटी गोठ्यालगतच्या पडवीत आढ्याला टांगला. शून्य जमिनीला टेकलं, वर हातभर फरक दिसू लागला. पंत खूश.

सकाळी गडी धावत आला. "पंत, ढवळ्या बैलानं कागदाचं खालचं समदं खाल्लं! लय ग्वाड लागलं आसंल."

खळ गव्हाच्या पिठाची होती ना!

तेवढ्यात साहेबांची मोटार आलीच. उरलेल्या कागदावर गावठीचा खांब वीतभर आणि नव्याचा त्याच्या तिप्पट. "वा! तिप्पट उत्पन्न!" साहेब म्हणाले. रावसाहेबांनी ढवळ्याकडे प्रेमाने पाहिलं. मी देवाचं नाव घेत मनात म्हणत होतो, 'पंत, आता गप्प बसा.'

पंत खाकरले. "साहेब, खालचं बैलाने खाल्लंय. वाढ एवढी नाही."

हंगाम संपला आणि प्रयोग बंद झाला. पंतांना टांग्यात बसवताना मी चिडून म्हटलं, "गप्प बसला असतात तर काय बिघडलं असतं?"

"ढवळ्याला कळत नव्हतं हो," पंत म्हणाले, "मला कळत होतं."

टांगा गेला आणि मला रडू आवरेना. आजही कुणी उंच खांब दाखवून भरभराट सांगू लागलं की मी आधी खाली वाकतो आणि बैलाने कुठवर खाल्लंय ते बघतो.